प्रयोग क्रमांक एक : जुनी बोळेवाडी

"इतिहासाचं प्रात्यक्षिक घेऊन दाखवतो. दिवाळीच्या सुट्टीच्या आत. आणि असं घेतो, की प्रयोगशाळेतली पोरं हातातली परीक्षानळी ठेवून माझ्या वर्गाकडं बघत बसतील!" असं मी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दहा-बारा साक्षीदारांसमोर बोललो. साक्षीदार हा शब्द मुद्दाम वापरतोय. पुढं त्याचा लई उपयोग होणार आहे.

बोललो त्याला कारण होतं. मी लातुरात इतिहास शिकवतो. हे वाक्य कुठंही उच्चारलं की समोरचा माणूस आवाज बारीक करतो आणि विचारतो, "बाकी तब्येत बरीय ना?" भूकंपाला सात वर्षं झाली होती. खेड्यांत पडलेली घरं पुन्हा उभी राहिली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लास उभे राहिले होते. आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी जाऊन तिथं फिजिक्स आलं. शिंप्याच्या माडीवर बायोलॉजी. नांदेडहून, उदगीरहून, पार हिमायतनगरहून पोरं ट्रंका घेऊन उतरायची आणि रिक्षावाल्याला गल्लीचं नाव न सांगता विषयाचं नाव सांगायची. "केमिस्ट्रीला सोडा." तो बरोबर सोडायचा. "इतिहासाला सोडा" म्हणून कुणी बसलं असतं, तर त्यानं बिचाऱ्याला परतीच्या एस्टीत बसवून दिलं असतं.

नववी 'ब'वर माझे आठवड्याला दोन तास होते. सोमवारचा गेल्या साली गणिताला गेला. उरला गुरुवारचा चौथा. त्याच्यावरही आता गणिताच्या गुरुपादप्पा सरांचा डोळा होता. माणूस वाईट नाही. फळ्यावर बरोबरचं चिन्हसुद्धा पट्टी लावून काढतात, एवढंच.

"सर, तुमचा विषय म्हणजे होऊन गेलेलाच हाय की समदा," ते चहा फुंकत म्हणाले. "तो कुठं पळून चाललाय? पोरं घरी वाचतील. आन् तुमच्यात प्रात्यक्षिक तरी कुठं असतंय?"

त्यावर मी ती गर्जना केली.

मुख्याध्यापक आनंदराज सर कोपऱ्यात हजेरीपत्रक तपासत होते. हा माणूस चिडत नाही, हसत नाही. कुणी काहीही म्हटलं तरी दोनच शब्द बोलतो. ते बोलले, "लेखी द्या." मी तिथंच लेखी दिलं. त्यांनीही लगेच मला लेखी दिलं : दिवाळीपूर्वी प्रात्यक्षिक आणि वह्या पूर्ण झाल्यास गुरुवारचा चौथा तास कायमस्वरूपी इतिहासास, न झाल्यास कायमस्वरूपी गणितास. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

घरी येऊन हा कागद सौदामिनीला दाखवला. सौदामिनी म्हणजे आमची बायको. टेलिफोन ऑफिसात आहे, त्यामुळं समोरच्याचं तीन मिनिटांच्या वर ऐकत नाही.

"कशाचा इतिहास शोधणार?" तिनं विचारलं.

"एका गावाचा. जुनं गाव कसं होतं, कुणाचं घर कुठं, आड कुठं, पार कुठं."

"आपलं रेशन कार्ड कुठाय?"

मला माहीत नव्हतं.

"आधी ते शोधा. मग गाव."

पण खरं सांगतो, मला या गोष्टीनं पछाडलं होतं. औसा तालुक्यात बोळेवाडी म्हणून गाव आहे. भूकंपात घरं सगळी बसली, आणि गाव उठून दोन किलोमीटरवर नवं वसलं. सरळ रस्ते, ओळीत घरं, जमिनीच्या हिशेबानं कुणाला मोठं तर कुणाला लहान. एका भिंतीचे शेजारी आता गावाच्या दोन टोकांना. मग जुनं गाव आहे कुठं? पुस्तकात नाही, गाईडात नाही. फक्त तिथल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात. आणि डोक्यातलं गाव कागदावर उतरवणं हे प्रात्यक्षिक नाही, तर काय आहे?

पद्धत मात्र मी चोख विज्ञानाची ठेवली. शीर्षक, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आणि शेवटच्या पानावर प्रमाणपत्र : "प्रमाणित करण्यात येते की सदर नोंदी प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित असून बरोबर आहेत." त्याखाली माझी सही आणि शाळेचा गोल शिक्का. लातुरात ज्याला शिक्का नाही त्याला प्रात्यक्षिक म्हणत नाहीत, भटकणं म्हणतात.

गल्लीत बातमी फुटायला एक दिवस लागला. शेजारचे श्रीनाथराव बनियनवरच आले. त्यांचा मिहिर माझ्याच वर्गात.

"सर, प्रात्यक्षिकाला मार्क किती?"

"मार्क नाहीत."

त्यांनी आमच्या दारातून आत डोकावून बघितलं. घरात कुणी आजारी आहे काय, असं त्यांना वाटलं असावं.

"मार्क नाहीत म्हणजे पहिल्या साली नाहीत. पुढं ठेवतील. याचा क्लास कोण घेतंय?"

"कुणीच नाही. पोरं स्वतः बघतील आणि लिहितील."

"स्वतः?" श्रीनाथराव हादरले. "आन् चुकीचं दिसलं म्हंजे?"

चौथ्या दिवशी मिहिरनं वही आणून दाखवली. पूर्ण भरलेली. निरीक्षण : किल्ला भव्य आहे. अनुमान : पूर्वीचे लोक शूर होते. श्रीनाथरावांनी औशाचा किल्ला बघून आलेल्या कुणाची तरी जुनी वही पैदा केली होती.

"अरे, आपण किल्ल्यावर चाललो नाही!"

"असू द्या की सर. तिथं एखादा असंलच."

मग परवानगी. शिक्षण खात्याच्या एका कचेरीत सहलीचा छापील अर्ज होता. त्यात ठिकाणाचे तीनच प्रकार : ऐतिहासिक, धार्मिक, औद्योगिक. मी 'ऐतिहासिक'वर खूण केली. कारकुनानं चष्मा वर केला.

"तिथं बघायला काय हाय?"

"काही नाही. सगळं पडलंय."

"मग जाता कामून?"

"काय होतं ते बघायला."

त्यानं शेजारच्याला बोलावलं. दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. शेवटी गावात मारुतीचं देऊळ होतं काय, असं विचारून त्यांनी 'धार्मिक' करून टाकलं. धार्मिक सहलीला वीस मुलांमागं एक शिक्षक लागतो. मुलं चाळीस होती. दुसरा शिक्षक म्हणून आनंदराज सरांनी कुणाला पाठवलं असेल? गुरुपादप्पा सरांना. "तटस्थ पाहिजेत," ते म्हणाले.

सकाळी सात वाजता प्रासंगिक कराराची एस्टी शाळेसमोर उभी राहिली. ड्रायव्हरनं विचारलं, "नवरदेव कोन हाय?" गुरुपादप्पा सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

नव्या बोळेवाडीत उतरलो आणि मी पोरांना फर्मावलं, "वह्या काढा, पेनं काढा, म्हाताऱ्या माणसांना गाठा आणि विचारा." चाळीस पोरं वह्या-पेनं घेऊन गावात शिरली. इथं माझी पहिली चूक झाली. भूकंपानंतर या गावात वही-पेन घेऊन जो जो आला, तो तो कसली ना कसली यादी करून गेला होता. यादीत नाव लागलं त्याला पत्रे मिळाले, नाव राहिलं तो राहिला. हे सात वर्षांत गावानं पाठ केलं होतं. दहा मिनिटांत पारापासून शाळेपर्यंत रांग लागली. हातात रेशन कार्ड, सातबारा, झेरॉक्स.

"कंची कमिटी म्हनायची?" एकानं विचारलं.

"कमिटी नाही. इतिहासाचं प्रात्यक्षिक."

"त्यात काय देनार हाव? पत्रे का सिमिट?"

"काहीच देत नाही बाबा. फक्त विचारायचंय."

"पहिलीवाली कमिटी बी असंच म्हनली व्हती," मागून आवाज आला, "आन् जे घरी गेले त्यांची नावं राहिली. रांग मोडू नका रे!"

एक तास मी उन्हात उभा राहून, आपण सरकार नाही, हे पटवून देत होतो. माणसाला आयुष्यात किती तरी गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, पण ही फार अवघड. मी जितकं नाही म्हणावं, तितका त्यांचा विश्वास बसत होता. शेवटी रांगेतल्या सगळ्यांची नावं लिहून घेतली, तेव्हा रांग मोडली. ती यादी अजून माझ्या कपाटात आहे. तिचं काय करायचं, मला माहीत नाही.

रांगेबाहेर एकटी शिवम्मा आज्जी बसली होती. सत्तरीची, कपाळाला भस्म, हातात छत्री. वर्गातली पंचशीला तिच्यापाशी जाऊन बसली. या पोरीची खोड अशी, की फळ्यावर मी एखादं साल लिहिलं की ती विचारते, "सर, त्या साली पाऊस कसा होता?" मला माहीत नसतं. तिनं आज्जीला विचारलं, "आज्जी, जुन्या घराचं सकाळी दार उघडल्यावर पहिलं काय दिसायचं?"

शिवम्मा छत्री टेकून उठली. "चला. हितं बसून न्हाई सांगता यायचं. लेकरा, आलेला समदा मानूस इचारायचा, काय गेलं. काय व्हतं, ते कुनी इचारलंच न्हाई."

आज्जी निघाली तशी मागोमाग आणखी पाच-सहा म्हातारी माणसं निघाली. दोन किलोमीटर आम्ही त्यांच्या मागं चालत गेलो.

जुन्या गावठाणात बाभळी माजल्या होत्या. दगड बरेच लोकांनी उचलून नेलेले. पण जोती शिल्लक होती. शिवम्मा बाभळीतून अशी चालली, की जणू गल्लीतून चाललीय. मध्येच वाकली. मी विचारलं, "काय झालं आज्जी?" म्हणाली, "हितं चौकट बुटकी व्हती." आम्ही सगळेच वाकून आत गेलो. गुरुपादप्पा सरसुद्धा वाकले.

मग पोरं पावलांनी मोजायला लागली आणि गुरुपादप्पा सरांचा जीव कासावीस झाला. "ही काय मोजणी हाय? एकाचं पाऊल, एकाची उडी! सरका तिकडं." त्यांनी पिशवीतून टेप काढला. माझं हसं होणार म्हणून बघायला आलेला माणूस दुपारी दोनपर्यंत गुडघ्यावर बसून जोत्यांचे काटकोन तपासत होता. "सर," ते मला हळूच म्हणाले, "ह्या गल्लीत एक बी काटकोन न्हाई. मग ह्या लोकांनी घरं बांधली कशी?" असा प्रश्न त्यांना गणितात कधी पडला नसावा.

शिवम्माच्या दारासमोर एक भिंत होती म्हणे. भीमाशंकर आणि सिद्धेश्वर या दोन चुलतभावांच्या घरांमधली. "तिच्यावर भोपळ्याचा येल चढलेला. मूळ ह्याच्या अंगनात, भोपळा त्याच्या अंगनात." पंचशीलानं भिंत काढली, वेल काढला, भोपळेसुद्धा मोजून काढले. पाच. गुरुपादप्पा सरांनी अंतरं दिली. मिहिर किल्ला शोधून दमला आणि एस्टीत जाऊन झोपला.

पुढच्या आठवड्यात वह्या आल्या. चाळीस. मी ऑफ तासाला बसलो आणि चाळीस प्रमाणपत्रांवर सह्या ठोकल्या, आनंदराज सरांनी चाळीस शिक्के ठोकले. वही उघडून बघायची असते, हे मला विज्ञानाच्या कुठल्याही सरांनी सांगितलं नव्हतं. तेही बघत नाहीत. आनंदराज सरांनी त्याच दिवशी लेखी दिलं : गुरुवारचा चौथा तास कायमस्वरूपी इतिहासास. मी तो कागद लॅमिनेट करून आणला. सौदामिनी म्हणाली, "रेशन कार्डही करून घ्यायचं. हो, पण ते सापडायला पाहिजे." मी लक्ष दिलं नाही. त्या आठवड्यात मी कुणाकडंच लक्ष देत नव्हतो.

आणि मग मला मोठेपणा सुचला. ज्यांनी सांगितलं त्यांना त्यांचं गाव परत द्यायचं! वह्यांतल्या नकाशांच्या झेरॉक्स काढल्या, प्रमाणपत्राचं पान जोडलं आणि माहिती देणाऱ्या एकेका म्हाताऱ्याला एकेक वाटली. कुणाची कुणाला, हे काही बघितलं नाही. भीमाशंकरला गेली पंचशीलाची. सिद्धेश्वरला गेली मिहिरची.

आता मिहिरनं नकाशा कसा काढला होता, ते ऐका. दुसऱ्याचं पान खिडकीच्या काचेवर धरायचं, त्यावर आपला कागद ठेवायचा आणि रेघा गिरवायच्या. सगळी पोरं असंच करतात. मिहिरनं पंचशीलाचं पान उलटं धरलं. उजवं ते डावं झालं, डावं ते उजवं. घरमालकांची नावं तेवढी त्यानं सरळ पान बघून जिथल्या तिथं लिहिली. वेलाचं मूळ इकडचं तिकडं गेलं आणि भोपळे तिकडचे इकडं आले. वर कोपऱ्यात त्यानं आपल्या मनानं एक किल्ला काढला, बुरुजासकट.

ते दोघं चुलतभाऊ भूकंपाआधी त्या भिंतीपायी अकरा वर्षं बोलत नव्हते, हे मला कुठं माहीत? भिंत हातभर कुणाच्या जागेत, यावर तालुक्याच्या कोर्टात दावा होता. भूकंपात भिंत पडली, घरं पडली, जागाही सुटली. नव्या गावात दोघं एकमेकांच्या ओट्यावर बसून चहा पिऊ लागले. दावा मात्र काढून घ्यायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. तो आपला कोर्टात पडून होता, आणि इतकी वर्षं पुढं सरकत नव्हता तो एवढ्याचसाठी, की जागेचा नकाशा नव्हता.

आता दोन होते. दोन्ही एकाच शाळेचे. दोन्ही बरोबर असल्याचं मी प्रमाणित केलेलं. एकमेकांच्या उलट. दोघांनीही आपापला कोर्टात नेऊन दिला.

समन्स शाळेच्या पत्त्यावर आलं. शिपायानं ते प्रार्थनेच्या वेळी आणून दिलं, म्हणजे सातशे मुलांना एकदमच कळलं. आनंदराज सरांनी ते वाचलं, आपल्या शिक्क्याकडं एकदा बघितलं, आणि पहिल्यांदाच दोन शब्दांपेक्षा जास्त बोलले. ते इथं लिहीत नाही.

कोर्टाच्या आवारात बघतो तर भीमाशंकर आणि सिद्धेश्वर एकाच मोटारसायकलवरून डबलशीट आलेले. लिंबाच्या झाडाखाली एकाच डब्यातली धपाटी खात होते.

"अहो, तुमचं चांगलं जमलंय," मी काकुळतीला आलो. "जागेवर बाभळी आहेत. मिटवून टाका की!"

"जागा कुनाला पायजे सर?" भीमाशंकर म्हणाला. "पन मी अकरा साल म्हनत व्हतो, येल माझा. तुमच्या कागदात तसंच निघालं."

"आन् माझ्या कागदात माझा," सिद्धेश्वर म्हणाला. "शिक्का हाय. आता खरं काय व्हतं, ते एकदा कळाया नको? धपाटं घ्या."

इतकी शुद्ध जिज्ञासा असलेला विद्यार्थी मला वीस वर्षांत मिळाला नव्हता, आणि आता दोन-दोन मिळाले होते. धपाटं चांगलं होतं.

मी पिंजऱ्यात उभा राहिल्यावर भीमाशंकरच्या वकिलानं मिहिरचा कागद दाखवून विचारलं, "या नकाशात किल्ला दाखवलाय. तो कुठं आहे?"

"नाही."

"मग 'प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित' हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही शिकवता काय?"

"इतिहास."

"मोजणी कुणी केली?"

मी खरं ते सांगितलं. शपथ घेतली होती. दुसरं समन्स गुरुपादप्पा सरांना निघालं. आणि दोन्ही वह्या कोर्टात जमा झाल्या. पंचशीलाला फार वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "सर, मग तिथं शंभर वर्षं नीट ठेवतील ना?"

पहिली तारीख गुरुवारची होती. पुढची लागली तीही गुरुवारची. त्यानंतरचीही. साहेबांकडं दिवाणी कामं गुरुवारीच असतात म्हणे. मी आणि गुरुपादप्पा सर सकाळच्या एस्टीनं जातो, संध्याकाळच्या एस्टीनं येतो. वाटेत ते मला विचारत असतात : बोळेवाडीच्या गल्ल्या तिरक्या का? निजामाच्या काळात मोजणी कशी करायचे? बैलबंडी वळायला किती जागा लागते? मला येतं तेवढं सांगतो. गेल्या खेपेला ते टेप घेऊनच आले होते.

गुरुवारच्या चौथ्या तासाला त्यामुळं वर्गावर कुणीच नसायचं. पोरं गोंधळ करतील, अशी मला धास्ती होती. केला नाही. पंचशीलानं सगळ्यांना घेऊन शाळेमागच्या, म्हणजे आमच्याच गल्लीचा जुना नकाशा काढायला घेतला. प्रयोग क्रमांक दोन. यावेळी मिहिरही जागा होता, त्यानं गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना गाठलं. गिरणीचं जोतं सापडलं, बुजवलेला आड सापडला, आणि मोजत मोजत पोरं आनंदराज सरांच्या घरापर्यंत पोचली. तिथं तीन म्हाताऱ्यांनी वेगवेगळं विचारूनही एकच सांगितलं, की सरांच्या कंपाउंडची भिंत पहिली दीड हात आत होती, गल्लीत आलेली नव्हती.

हे पोरांनी मला सांगितलं नाही. वहीत लिहिलं, आणि वह्या शिक्क्यासाठी सरळ आनंदराज सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

सोमवारी फळ्यावर सूचना लागली. गुरुवारचा चौथा तास तत्काळ प्रभावानं गणितास देण्यात येत आहे. गणिताचे सर गुरुवारी माझ्याबरोबर औशाला असतात.